अ‍ॅल्युमिनियमच्या होडीची वेल्डिंगने दुरुस्ती: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला भेग पडली की ती वेल्डिंगने भरून काढावी, असे कोणालाही वाटते. पण या दुरुस्तीत भेग भरणे हा सर्वांत कमी वेळ घेणारा भाग आहे. भेग कशामुळे पडली, होडीचा पत्रा कोणत्या मिश्रधातूचा आहे, त्याच्या मागे काय दडलेले आहे आणि तो खरोखर स्वच्छ झाला आहे का, हे ठरवण्याआधी आर्क पेटवला तर वेल्ड दिसायला देखणा होईलही, पण काही महिन्यांत त्याच्या शेजारीच नवी भेग उमटण्याची शक्यता मोठी असते. ज्यांना लोखंडाच्या वेल्डिंगचा थोडाफार सराव आहे, पण अ‍ॅल्युमिनियमवर ज्यांनी अजून काम केलेले नाही, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील माहिती दिली आहे.

हा धातू वेगळा का वागतो

अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर सतत तयार होत असतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर त्यावरचा हा ऑक्साइड वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे थर न काढता उष्णता दिली तर आतला धातू पाणी होतो आणि वरची साल तशीच राहते. दोन कडा शेजारी वितळूनही एकजीव होत नाहीत. दुसरी अडचण उष्णतेची आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी वेगाने पसरवते आणि तापल्यावर सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून सुरुवातीला धातू वितळतच नाही असे वाटते आणि थोड्या वेळाने, आजूबाजूचा पत्रा तापल्यावर, तोच करंट अचानक भोक पाडतो. लोखंड वितळण्याआधी लालबुंद होऊन सूचना देते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्याने अंदाज बांधण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट हायड्रोजनची. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन घन धातूच्या तुलनेत साधारण वीसपट विरघळतो आणि धातू गोठताना तो बुडबुड्यांच्या रूपाने आतच अडकतो. वेल्ड कापून पाहिल्यावर दिसणारी बारीक छिद्रे याचीच असतात. हा हायड्रोजन ओलाव्यातून, तेलातून, रंगातून आणि जुन्या ऑक्साइडने शोषलेल्या पाण्यातून येतो. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या होडीत या सगळ्या गोष्टी भरपूर असतात.

शेवटची बाब दुरुस्तीच्या आखणीशी थेट संबंधित आहे. होडीसाठी वापरला जाणारा पत्रा गार अवस्थेत लाटून किंवा उष्णोपचाराने कठीण केलेला असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ही कठीणता वेल्डच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ मिमी रुंदीच्या पट्ट्यात नाहीशी होते. ६०६१-टी६ या, उष्णोपचाराने कठीण केलेल्या मिश्रधातूची तन्यता शक्ती (तुटण्याआधी ओढ सोसण्याची क्षमता) सुमारे ३१० मेगापास्कल असते. वेल्डजवळ ती १६५च्या आसपास येते. याचा अर्थ असा, की वेल्ड केलेली जागा मूळ पत्र्याइतकी बळकट होत नाही. ज्या ताणाने मूळ पत्रा फाटला, तोच ताण कायम ठेवून तिथे मऊ पट्टा निर्माण करणे म्हणजे दुसऱ्या भेगेची सोय करणे होय.

पहिली पायरी: भेगेचे कारण शोधणे

होडी पाण्याबाहेर काढून, गालिचे, फळ्या आणि शक्य तितकी अंतर्गत रचना काढून, तळ दोन्ही बाजूंनी पाहावा. खडकावर आपटून पडलेली भेग ओळखणे सोपे असते, कारण तिच्याभोवती पोचा असतो आणि कडा आत दबलेल्या असतात. याउलट वारंवार वाकण्याने, म्हणजे धातू थकल्याने, पडलेली भेग बहुधा पोच्याविना आणि सरळ असते. ती एखाद्या आधारपट्टीच्या टोकापाशी, जुन्या वेल्डच्या कडेला, बाकाच्या कंसाच्या कोपऱ्यात किंवा इंजिन पेलणाऱ्या मागच्या भिंतीच्या सांध्यावर सापडते. अशी भेग दिसली तर प्रश्न त्या पत्र्याचा नसून त्याला आधार देणाऱ्या रचनेचा आहे, असे धरून चालावे. फासळी तुटली आहे का, ट्रेलरवरचा आधार चुकीच्या जागी टेकतो का, इंजिन होडीच्या क्षमतेपेक्षा जड बसवले आहे का, मागच्या भिंतीतले लाकूड कुजून मऊ झाले आहे का, हे तपासले पाहिजे. माझ्या मते नवशिक्याने या पायरीला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ द्यावा.

भेगेची खरी टोके डोळ्याला दिसत नाहीत. त्यासाठी रंगभेदक चाचणी वापरावी: स्वच्छ जागेवर लाल भेदक द्रव फवारावा, डब्यावर दिलेला वेळ थांबावे, कापडाने तो पुसून घ्यावा आणि वर पांढरा विकासक (डेव्हलपर) फवारावा. भेगेत शिरलेला लाल द्रव पांढऱ्या थरावर उमटतो आणि भेग अनेकदा वाटली होती त्यापेक्षा लांब निघते. हा द्रव नंतर वेल्ड दूषित करतो, म्हणून तो पूर्णपणे काढूनच पुढे जावे.

दुसरी पायरी: मिश्रधातू ओळखणे

होड्यांचे पत्रे बहुतेक मॅग्नेशियमयुक्त ५००० मालिकेतले असतात. पातळ पत्र्याच्या, रिव्हेट मारलेल्या लहान होड्यांत ५०५२ आणि वेल्ड केलेल्या जाड होड्यांत ५०८६ किंवा ५०८३ हे सामान्य आहेत. कठड्याच्या नळ्या, चौकटी आणि साच्यातून ओढून काढलेल्या पट्ट्या बऱ्याचदा ६०६१सारख्या ६००० मालिकेतल्या असतात. निर्मात्याची माहितीपुस्तिका किंवा होडीवरची पाटी हा सर्वांत विश्वासार्ह आधार आहे. पत्रा पाहून मिश्रधातू ओळखता येत नाही.

भराव सळईची, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या सळईची, निवड यावर अवलंबून असते. ५३५६ ही सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असलेली सळई ५०५२, ५०८६ आणि ६०६१ या सर्वांना चालते, म्हणून माहिती अपुरी असेल तेव्हा होडीच्या पत्र्यासाठी तीच जवळ ठेवावी. ५०८३साठी ५१८३ अधिक योग्य ठरते. ४०४३ ही सिलिकॉनयुक्त सळई सहज वाहते आणि नवशिक्याच्या हातूनही सुबक रेघ देते, परंतु ५०८३ किंवा ५०८६सारख्या जास्त मॅग्नेशियमच्या पत्र्यावर ती वापरू नये. सिलिकॉन आणि मॅग्नेशियम एकत्र येऊन जोड ठिसूळ होतो. ओतीव भागांसाठी मात्र ती उपयुक्त आहे. ६०६१ भरावाशिवाय, नुसत्या कडा वितळवून, कधीही जोडू नये, कारण तो गोठतानाच तडकतो.

तिसरी पायरी: आग, विषारी वायू आणि गुदमरणे

इंधनाची टाकी, नळ्या, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे होडीतून बाहेर काढावीत. टाकी रिकामी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये; रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट घडवते. टाकी होडीच्या रचनेचाच भाग असेल, तर ते काम नवशिक्याचे नाही.

पत्र्यामागे तरंगण्यासाठी भरलेला फोम असेल, तर भेगेच्या सभोवतालचा भाग ऐसपैस मोकळा होईल इतका तो कापून काढावा. पॉलियुरेथेनचा फोम जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात, शिवाय पाणी प्यायलेला फोम मागून वाफ सोडत राहतो आणि वेल्ड छिद्रांनी भरतो. बंद पोकळीवर वेल्ड करायचा असल्यास तिला आधी हवा जाण्यासाठी छिद्र ठेवावे, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटच्या टप्प्यात वितळलेला धातू बाहेर उडवते.

आर्गॉन हवेपेक्षा जड असतो आणि होडीचा तळ हा त्याच्यासाठी तयार हौद असतो. होडीच्या आत वाकून बराच वेळ काम केल्यास तो तळाशी साचून प्राणवायू हटवतो आणि त्याला ना रंग, ना वास. म्हणून खालून हवा खेळती ठेवावी, पण झोत वेल्डवर येऊ देऊ नये, आणि एकट्याने काम करू नये. चकचकीत पत्रा अतिनील किरण परावर्तित करतो. मुखवट्याखालून मान आणि हनुवटी भाजते, त्यामुळे गळाबंद जाड सुती कपडे घालावेत. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, स्वच्छ धातूवर लावावा आणि इंजिन शक्यतो उतरवून ठेवावे, म्हणजे करंट बेअरिंगमधून वाट काढणार नाही.

चौथी पायरी: स्वच्छता

क्रम महत्त्वाचा आहे: आधी रंग, मग तेल, मग ऑक्साइड. भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान ५० मिमीपर्यंतचा रंग, सीलंट आणि जुना इपॉक्सी आतून-बाहेरून खरवडून काढावा. त्यानंतर स्वच्छ पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन, कापड काळे पडायचे थांबेपर्यंत पुसावे. क्लोरीनयुक्त द्रावक, उदाहरणार्थ काही प्रकारचे ब्रेक क्लीनर, इथे कधीही वापरू नयेत, कारण आर्कच्या अतिनील प्रकाशात त्यांच्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू बनतो. अ‍ॅसिटोन पूर्ण सुकल्यावर आणि त्याचा डबा दूर नेऊन ठेवल्यावरच स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने ऑक्साइड काढावा. हा ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखून ठेवावा आणि हलक्या हाताने एकाच दिशेने चालवावा. जोर दिला तर ऑक्साइड निघण्याऐवजी मऊ धातूत रुततो. तेल पुसण्याआधी ब्रश मारणे ही तर सर्रास दिसणारी चूक आहे, कारण त्याने तेल ओरखड्यांत भरले जाते.

ब्रश मारल्यावर काही तासांतच काम सुरू करावे. गार जागेतून उबदार शेडमध्ये आणलेल्या होडीवर दव धरते, म्हणून तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. ओलावा उडवण्यापुरती ऊब देणे पुरेसे असते. ५००० मालिकेतला पत्रा १२० अंशांच्या पुढे तापवू नये.

पूर्वी कोणी जस्तयुक्त, कमी तापमानाला वितळणाऱ्या सळईने भेग बुजवली असेल, तर तो भाग नुसता घासून भागत नाही. जस्त वेल्डमध्ये उकळते आणि धूर व छिद्रे देते, त्यामुळे तेवढा पत्रा कापून तिथे ठिगळ बसवणे हाच खरा मार्ग उरतो.

पाचवी पायरी: भेग उघडणे

भेगेच्या दिसणाऱ्या टोकापलीकडे किंचित अंतरावर ३ ते ५ मिमीचे छिद्र पाडावे, म्हणजे टोकाशी एकवटणारा ताण विखुरतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने भेग पुढे पळत नाही. नंतर कार्बाइडच्या बरने (फिरत्या, दातेरी कोरणीने) किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठी बनवलेल्या चकतीने भेगेची संपूर्ण लांबी इंग्रजी व्ही आकारात, साधारण ६० ते ९० अंशांच्या कोनात उघडावी. लोखंडावर वापरलेली साधी ग्राइंडिंग चकती मऊ धातूने भरून जाते आणि आपले कण पत्र्यात सोडते. दोन मिमीपेक्षा पातळ पत्र्यात खोल खाच करण्याची गरज नसते. कडा स्वच्छ करून आरपार वितळवणे जमते. भेगेची काळी रेघ खाचेच्या तळाशी दिसत असेल, तर अजून खोल जायचे आहे.

सहावी पायरी: यंत्राची निवड आणि सराव

तीन मिमीपेक्षा पातळ पत्र्यासाठी टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क धरून सळई हाताने देण्याची पद्धत) आणि त्याहून जाड, लांब जोडांसाठी मिग (यंत्रातून आपोआप येणाऱ्या तारेने जोडण्याची पद्धत), अशी ढोबळ विभागणी करता येते. दुरुस्तीच्या कामात मी टिगच्या बाजूने झुकतो, कारण धातू दूषित असल्याचे वितळलेल्या धातूच्या डबक्यात लगेच दिसते आणि थांबता येते. मिगचा वेग ही संधी देत नाही.

टिगसाठी एसी करंट, शुद्ध आर्गॉन आणि लँथेनम मिसळलेला टंगस्टन वापरावा. दर मिलिमीटर जाडीमागे साधारण ४० अँपिअर हा सुरुवातीचा अंदाज धरावा आणि पायाने दाबायच्या पेडलने तो कमी-जास्त करावा. गॅसचा प्रवाह मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतो. मिगमध्ये तार मऊ असल्याने लांब नळीत गुंता होतो. त्यासाठी स्पूल गन (तारेचे रीळ हातातल्या गनवरच असलेली), किंवा यू आकाराच्या खाचेची रोलर आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेली व्यवस्था लागते. गॅस इथेही शुद्ध आर्गॉनच हवा. लोखंडासाठीचे कार्बन डायऑक्साइड मिसळलेले सिलिंडर लावले, तर काळी काजळी आणि निरुपयोगी जोड मिळतो.

त्याच जाडीच्या आणि शक्य असल्यास त्याच मिश्रधातूच्या तुकड्यांवर आधी सराव करावा. सरावाचा जोड शिकंज्यात धरून वाकवावा आणि तोडून पाहावा. तुटलेल्या पृष्ठभागावर छिद्रे किंवा न वितळलेली सपाट कड दिसली, तर होडीला हात लावण्याची वेळ अजून आलेली नाही.

सातवी पायरी: प्रत्यक्ष वेल्डिंग

शक्य असेल तर होडी उलटी करावी. डोक्यावरच्या किंवा उभ्या जोडापेक्षा सपाट जोडावर हात स्थिर राहतो आणि त्यासाठी चार माणसे बोलवावी लागली तरी ते श्रम वाया जात नाहीत. उघड्यावर काम असल्यास वाऱ्याला आडोसा करावा, कारण हलकी झुळूकही आर्गॉनचे आवरण उडवून देते.

भेगेच्या मागे स्टेनलेस स्टीलची पट्टी टेकवली, तर मुळाशी धातू गळून पडत नाही. सुरुवातीला थोड्या थोड्या अंतरावर टॅक (वेल्डचे छोटे टाके) मारून कडा एका पातळीत धराव्यात. टिगमध्ये आर्क एका जागी धरून चकाकते, स्वच्छ डबके तयार होऊ द्यावे आणि ते दिसल्यावरच सळई त्याच्या पुढच्या कडेला टेकवावी. डबक्यावर राखाडी, सुरकुतलेली साय दिसली, तर ऑक्साइड किंवा घाण शिल्लक आहे. सळई कोंबून ती झाकू नये, थांबून पुन्हा साफ करावे. टॉर्च पुढे ढकलत न्यावा, मागे ओढू नये. पत्रा तापत जाईल तसा करंट कमी करावा किंवा वेग वाढवावा.

लांब भेग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग भरली, तर पातळ तळ लाटांसारखा उचलला जातो. त्याऐवजी सुमारे ५० मिमीचे तुकडे घ्यावेत, प्रत्येक तुकडा आधीच्या वेल्डच्या दिशेने मागे भरत आणावा आणि मधून मधून पत्रा थंड होऊ द्यावा. पाणी ओतून गार करण्याचा मोह टाळावा.

तुकडा संपवताना आर्क झटकन तोडू नये. अ‍ॅल्युमिनियम गोठताना आकारमानाने सुमारे ६ टक्के आकसते, त्यामुळे शेवटच्या खळग्यात ताऱ्याच्या आकाराची बारीक भेग राहते आणि पुढची मोठी भेग तिथूनच निघते. करंट हळूहळू उतरवत, आणखी थोडी सळई देत खळगा भरावा आणि गॅस काही सेकंद तसाच चालू ठेवावा. मिगच्या जोडात सुरुवात थंड राहत असल्याने ती भेगेच्या टोकावर येऊ देऊ नये.

पत्रा जाड असेल, तर एका बाजूचा वेल्ड झाल्यावर दुसऱ्या बाजूने बर चालवून शुद्ध, छिद्ररहित धातू दिसेपर्यंत कोरावे आणि तिथेही एक रेघ भरावी. तळाच्या भेगांसाठी हा दुहेरी जोड मी जवळजवळ अनिवार्य मानतो.

ठिगळ केव्हा आणि कसे

भेगा अनेक असतील, पत्रा फाटला असेल, किंवा गंजाने जाडी बरीच घटली असेल, तर खराब भाग कापून तिथे त्याच मिश्रधातूचा व त्याच जाडीचा तुकडा बसवावा. कापाचे कोपरे कधीही काटकोनी ठेवू नयेत. निदान २५ मिमी त्रिज्येचे गोल कोपरे, किंवा सरळ लंबगोल आकार, ताण वाटून घेतो. तुकडा पत्र्याच्या पातळीत बसवणे कष्टाचे असते, म्हणून अनेकजण भेगेवर वरून पत्रा ठेवून कडा वेल्ड करतात. असे वरचे ठिगळ दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकवते आणि त्याच्या कडेला नवी ताणरेषा तयार करते. तात्पुरत्या गरजेपलीकडे त्याचा आग्रह धरू नये. फासळी तुटलेली असेल, तर ती पत्रा बंद करण्यापूर्वीच दुरुस्त करावी आणि तिचे टोक निमुळते ठेवावे.

ज्या ठिकाणी वेल्डिंग करू नये

गळणारे रिव्हेट वेल्डने बंद करण्याचा प्रयत्न बहुधा नुकसान वाढवतो: पत्रा पातळ असतो, सांध्यात सीलंट असते आणि उष्णतेने शेजारचे रिव्हेट ढिले होतात. ते पुन्हा ठोकून घट्ट करावेत किंवा नवे, बंद टोकाचे रिव्हेट सीलंटसह बसवावेत. उथळ पोचे, ज्यांत भेग नाही, ते तसेच ठेवले तरी चालतात. ठोकून सरळ करताना आधीच कठीण झालेला पत्रा तडकू शकतो. खाऱ्या पाण्याने पडलेले सुटे खड्डे कोरून भरता येतात, मात्र तांबेयुक्त रंग, तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड, ओला गालिचा किंवा गळका विद्युतप्रवाह यांपैकी काय कारणीभूत आहे हे न शोधता भरले, तर शेजारी नवे पडतात.

तपासणी आणि लेप

वेल्ड थंड झाल्यावर पुन्हा रंगभेदक चाचणी करावी. गळती पाहण्यासाठी खडूचे पाणी बाहेरून लावून सुकू द्यावे आणि आतून रॉकेल फिरवावे. बारीकशी वाट असली तरी पांढऱ्या खडूवर डाग उमटतो. होडीत पाणी भरून पाहायचे असल्यास ते दुरुस्तीच्या जागेच्या किंचित वर येईल इतकेच भरावे आणि तळाला सर्वत्र आधार द्यावा, कारण एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन होते आणि ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर टेकलेला तळ ते पेलत नाही. प्रवासी किंवा मालवाहतुकीचा परवाना असलेल्या होडीची दुरुस्ती संबंधित निरीक्षकाला दाखवल्याशिवाय ती पाण्यात उतरवू नये.

वेल्डची उंची घासून सपाट करायची असेल, तर मूळ पत्र्यात खोल जाऊ नये. रंग लावायचा असल्यास पृष्ठभाग खरबरीत करून, अ‍ॅल्युमिनियमसाठी असलेला प्रायमर त्याच दिवशी लावावा. पाण्याखालच्या भागाला तांबेयुक्त रंग वर्ज्य समजावा. काढलेल्या फोमची जागा बंद पेशींच्या नव्या फोमने भरावी, पण वेल्ड पूर्ण तपासून झाल्यावरच. पहिल्या काही फेऱ्या शांत पाण्यात, कमी वेगाने कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर तळाचा गालिचा न घालता वेल्डच्या दोन्ही कडा, विशेषतः छिद्र पाडलेली टोके, कोरड्या कापडाने पुसून पाहाव्यात.